गोबरगॅसला हवा चालत नाही, जिवामृत ढवळायला सांगतात, मग जिवाणूंना हवा लागते का नाही?

केळीवाला_यावल

राम राम मंडळी. प्रश्न शेतकऱ्याचा आहे पण इथे कॉलेजवाले, लॅबवाले पण असतात म्हणून टाकतोय. आमच्याकडे गोबरगॅस आहे, त्याचा मिस्त्री बजावून गेला की टाकीत हवा शिरता कामा नये, हवा शिरली की गॅस बसला. दोन म्हशी आहेत म्हणून यंदा मक्याचा मूरघास (हवाबंद आंबवलेला चारा) केला तर तिथे पण तेच, तुडवून तुडवून हवा काढा आणि बॅग घट्ट बांधा. आणि केळीला जिवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसनाचं आंबवण) सोडतो तिथे बरोबर उलटं, सकाळ संध्याकाळ काठीने ढवळा म्हणजे हवा मिळते आणि जिवाणू वाढतात. तिन्ही ठिकाणी काम करणारे जिवाणूच ना, मग एकाला हवा विष आणि एकाला औषध असं कसं?

अजून एक बघितलेलं सांगतो. एका बॅगेला उंदराने भोक पाडलं होतं. उघडली तर भोकाच्या आजूबाजूचा वीतभर माल काळपट, हाताला गरम लागतो, वर पांढरी बुरशी, आणि तिथून हातभर आत गेलो तर पिवळसर हिरवा, आंबूस वासाचा, एकदम फर्स्ट क्लास. एकाच बॅगेत दोन तऱ्हा. पोरगी बीएस्सीला आहे, तिला विचारलं तर म्हणे पप्पा काही ऑब्लिगेट असतात काही फॅकल्टेटिव्ह असतात, आणि मोबाईल घेऊन बसली. आता हे कोणी आपल्या भाषेत सांगेल का, आणि तो काळा माल म्हशीला चालेल का?

तापीकाठचा_मास्तर

भाऊ पोरीने बरोबर सांगितलं, फक्त अर्ध्यात सोडलं. मी चोपड्याकडे मायक्रोबायोलॉजी शिकवतो, दरवर्षी पोरं इथेच अडकतात, कारण आपण विचारतो "हवा लागते का?" आणि हा एक प्रश्न नाहीये, दोन आहेत. पहिला, ह्या जिवाणूला जगायला ऑक्सिजन लागतो का. दुसरा, ऑक्सिजन अंगावर आला तर तो त्याला सोसतो का. दोन्हीची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात आणि त्यातूनच ते सगळे प्रकार तयार होतात.

लागतो आणि सोसतो, असे म्हणजे ऑब्लिगेट एरोब. टीबीचा जिवाणू ह्यातलाच, म्हणून तो फुफ्फुसात आणि त्यातही वरच्या भागात जास्त सापडतो, तिथे ऑक्सिजन भरपूर. व्हिनेगर करणारा ॲसिटोबॅक्टर पण हवेशिवाय काम करत नाही. लागत नाही आणि सोसतही नाही, ते ऑब्लिगेट अनएरोब, धनुर्वाताचा क्लॉस्ट्रिडियम टेटनी, आपल्या आतड्यातले बॅक्टेरॉइड्स, आणि तुमच्या गोबरगॅसमधले मिथेन करणारे. (मिथेनवाले खरं तर बॅक्टेरिया नाहीतच, आर्किया नावाचा वेगळा गट आहे, पण ते असू द्या.) मिळाला तर वापरतो, नाही मिळाला तरी अडत नाही, ते फॅकल्टेटिव्ह, ई. कोलाय, साल्मोनेला, स्टॅफ. आणि गंमत आहे ती लॅक्टिक ॲसिड करणाऱ्यांची, म्हणजे तुमच्या मूरघासाचे आणि घरच्या दह्याचे कारागीर. हे ऑक्सिजन वापरतच नाहीत, हवेत ठेवा नाहीतर बिनहवेत, ते आपलं फर्मेंटेशनच (बिनऑक्सिजनचं आंबवणं) करणार, पण हवेने मरतही नाहीत. ह्यांना एरोटॉलरंट म्हणतात. उरले मायक्रोएरोफिलिक, त्यांना ऑक्सिजन लागतो पण थोडा, आपल्या हवेतला २१ टक्के त्यांना झेपत नाही, ५ टक्क्यांच्या आसपास बरा वाटतो.

आता सोसत नाही म्हणजे काय होतं? ऑक्सिजन पेशीत शिरला की त्याचं नुसतं पाणी होत नाही, वाटेत अर्धवट तुकडे तयार होतात, सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि पेशीतल्या लोहाशी पेरॉक्साइडची गाठ पडली की हायड्रॉक्सिल रॅडिकल, जे डीएनएपासून कशालाही चावतं. जे जिवाणू हवेत राहतात त्यांच्याकडे ह्यावर उतारा असतो, सुपरऑक्साइड डिसम्युटेज आणि कॅटलेज ही एन्झाइम्स. मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच ह्यांनी १९६९ मध्ये डिसम्युटेजचं काम काय ते दाखवलं आणि दोन वर्षांनी मांडलं की अनएरोबकडे हे एन्झाइम नसतं म्हणून ते हवेत मरतात. आपल्याकडे आजही गाइडमध्ये एवढंच लिहिलेलं असतं. पण नंतर बऱ्याच अनएरोबमध्ये पण डिसम्युटेज सापडलं, आणि लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरममध्ये ते नसून तो हवेत मजेत, कारण तो पेशीत मँगनीज भरून ठेवतो आणि त्याच्यावर सुपरऑक्साइड निपटवतो. शिवाय अनएरोबची काही महत्त्वाची एन्झाइम्स लोह-गंधकाची असतात, ती ऑक्सिजन लागला की सरळ बंद पडतात, म्हणजे विषाचा विषय बाजूला ठेवला तरी त्यांचा धंदाच बसतो. त्यामुळे एन्झाइम आहे का नाही एवढ्यावर निकाल लावू नका.

मूरघासाचं सांगतो. बॅग बांधली तेव्हा आत थोडी हवा राहतेच. ती मक्याच्या पेशी आणि फॅकल्टेटिव्ह जिवाणू मिळून आधी संपवतात. मग लॅक्टिकवाले साखर खाऊन ॲसिड करतात, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) चारच्या आसपास उतरतो आणि बाकी सगळ्यांचं काम थांबतं. भोक पडलं की हवा आत, आणि हवेबरोबर यीस्ट जागं होतं, ते लॅक्टिक ॲसिडच खातं, ॲसिड संपलं की पीएच वर, मग बुरशी आणि हवेतले जिवाणू तुटून पडतात. गरम लागलं ते ह्यांच्या श्वसनाने. लॅक्टिकवाले हवेने मेले म्हणून माल खराब झाला असं नाही हां, ते तिथेच असतात, हवा मिळाल्यावर बाकीचे त्यांच्यावर भारी पडतात.

काळा माल म्हशीला अजिबात नको. बुरशीचं विष असू शकतं आणि पीएच चढलेल्या मूरघासात लिस्टेरिया वाढतो, गाभण जनावर गाभ टाकतं. काळा दिसतो तेवढाच नाही, त्याच्या पुढचा वीतभर चांगला दिसणारा पण काढा, आणि उरलेली बॅग आधी संपवा.

शिरपूरवाला_९

मास्तर भारी. मी शाळेतलं सांगतो, बंद बरणीत मेणबत्ती पेटवायची, ऑक्सिजन संपला की विझते. म्हणजे ज्याला हवा नको तो जिवाणू घरी पण वाढवता येईल ना, बरणी अन मेणबत्ती, झालं काम 😀

धुळे_लॅबवाला

नाही भाऊ, ही समजूत लॅबमध्ये नवीन आलेली पोरं पण घेऊन येतात. मेणबत्ती विझते तेव्हा बरणीत ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास उरलेला असतो, संपलेला नसतो, ज्योतीला तेवढा पुरत नाही एवढंच. आम्ही कँडल जार वापरतो ते कार्बन डायऑक्साइडसाठी, तो ३ टक्क्यांपर्यंत चढतो आणि गोनोरियाच्या जिवाणूसारख्यांना तो वाढीला लागतो. अनएरोब त्यात एक पण उगवणार नाही. त्याला वेगळी जार येते, मॅकिन्टॉश आणि फिल्ड्सची, पहिल्या महायुद्धाच्या काळातली कल्पना, आत हायड्रोजन सोडायचा आणि पॅलेडियमच्या साहाय्याने उरलेल्या ऑक्सिजनचं पाणी करायचं. आता तयार पाकीट मिळतं, फोडून जारमध्ये टाकलं की झालं. आत मिथिलीन ब्लूची पट्टी ठेवतात, ऑक्सिजन असेपर्यंत ती निळी, संपला की पांढरी पडते. निळी राहिली तर तो सगळा बॅच वाया.

आणि घरी असलं काही वाढवू नका, मजाक नाही. क्लॉस्ट्रिडियममध्ये जीवघेणं विष करणारा बोट्युलिनम पण येतो.

आमच्याकडचा खरा प्रश्न वेगळाच असतो. पोटातला गळू, दाढेचा फोड, डायबेटिसवाल्याचा पाय, असा पू येतो. झाकण उघडताच जो वास येतो तो ज्याने घेतला तो विसरत नाही, तिथेच अर्धं निदान होतं. ग्रॅम स्टेन करून (जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली) बघितलं की फील्ड भरून जिवाणू, गुलाबी बारीक काड्या, निळे गोळे, सगळं आहे. आणि दोन दिवसांनी कल्चर (प्लेटवर वाढवलेले जिवाणू) बघायचं तर प्लेट कोरी, रिपोर्ट "नो ग्रोथ". नातेवाईक म्हणतात इन्फेक्शन नाही. इन्फेक्शन आहे, आपण वाढवलं हवेत आणि ते हवेत वाढणारं नाही. लहान लॅबला अनएरोबिक जार ठेवणं परवडत नाही हे पण खरं आहे, पाकिटं महाग आणि महिन्यात दोन सॅम्पल येणार. पण निदान ग्रॅम स्टेनमध्ये काय दिसलं ते रिपोर्टवर लिहावं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

सॅम्पलची पण तीच कथा. कापसाच्या बोळ्यावर पू घेतला आणि तो टेबलावर दुपारपर्यंत वाळत पडला तर नाजूक अनएरोब वाटेतच मेले. सिरिंजने खोलवरून ओढून, हवा काढून, लगेच लॅबला द्यायचा. आणि फ्रिजमध्ये कोंबायचा नाही.

औषधाचं एक बघा, मास्तरांच्या दोन प्रश्नांचा इथे थेट संबंध येतो. मेट्रोनिडाझोल गोळी पेशीत गेल्यावर तिच्यावर एक रासायनिक क्रिया व्हावी लागते तेव्हा ती विषारी होते, ती क्रिया अनएरोबमध्ये होते, हवेत जगणाऱ्या ई. कोलायवर ती गोळी ढिम्म काही करत नाही. जेंटामायसिनचं बरोबर उलटं, ते पेशीत ओढून घ्यायला ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते, अनएरोबकडे ती नाही म्हणून त्यांच्यावर जेंटामायसिन फुकट. म्हणून पोटाच्या ऑपरेशननंतर डॉक्टर दोन-तीन औषधं एकत्र देतात, लोकांना वाटतं बिल वाढवायला देतात. हे वाचून कोणी मेडिकलमधून स्वतः गोळ्या आणू नका बरं.

सेंद्रिय_खान्देश

जिवामृताचं कोणीच बोललं नाही. मी बरीच वर्षं वापरतोय, केळी आणि हळदीला. ढवळल्याने ऑक्सिजन मिळतो आणि हवेवर जगणारे उपयोगी जिवाणू वाढतात, नाही ढवळलं तर सडतं, घाण वास येतो, हे मी हाताने केलेलं आहे, पुस्तकातलं नाही.

तापीकाठचा_मास्तर

@सेंद्रिय_खान्देश दादा ढवळू नका असं मी म्हणतच नाही. पण ढवळून नेमकं किती मिळतं ते बघू. २५ अंशाच्या पाण्यात ऑक्सिजन विरघळून विरघळून लिटरला ८ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो, त्याच्या वर जाऊच शकत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये ड्रमचं पाणी ४० अंशाला गेलं तर साडेसहाच्या आत. आता त्या २०० लिटरमध्ये शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, एवढी मेजवानी पडलेली, त्यात जिवाणू तो विरघळलेला ऑक्सिजन बघता बघता संपवणार. सकाळी ढवळलं की थोडा वेळ वरच्या थरात हवा, नंतर संध्याकाळपर्यंत बराचसा ड्रम बिनहवेचाच. बेकरीच्या यीस्टची किंवा ॲझोटोबॅक्टरची (नत्र धरणारा जिवाणू) मोठी टाकी चालवणारे म्हणून तर अखंड हवा सोडत राहतात, पंप लावून.

म्हणजे जिवामृतात राज्य कोणाचं असणार? जे दोन्हीकडे जमवून घेतात त्यांचं, फॅकल्टेटिव्ह आणि लॅक्टिकवाले. गूळ खाऊन ते ॲसिड करतात, म्हणून चांगल्या जिवामृताला आंबूस वास येतो. ढवळल्याचा फायदा असा की तळाला गाळ बसून तिथे पक्के अनएरोब ठाण मांडत नाहीत, सडका वास त्यांचाच, आणि गूळ-बेसन सगळीकडे सारखं पोचतं. तुमचा अनुभव बरोबरच आहे, फक्त ड्रममध्ये निव्वळ हवेवर जगणारे जिवाणू भरलेत असं मला पटत नाही.

सेंद्रिय_खान्देश

पिकाला फरक पडतो ना, मग झालं. पण सावलीत का ठेवायचं ते आज कळलं, तापलेल्या पाण्यात हवा कमी मावते.

कपाशी_अन_हरभरा

शेतातलं मी सांगतो, नंदुरबारकडची काळी जमीन आमची. जोराचा पाऊस होऊन वावरात दोन-तीन दिवस पाणी साचलं की कपाशी पिवळी पडते, आणि सगळे धावतात युरियाची गोणी घेऊन. होतं काय, मातीच्या फटीत पाणी भरलं की हवा बंद, उरलेला ऑक्सिजन मुळं आणि जिवाणू एक-दोन दिवसांत संपवतात. मग मातीतले फॅकल्टेटिव्ह जिवाणू ऑक्सिजनच्या जागी नायट्रेट वापरायला लागतात, श्वास चालू, फक्त ऑक्सिजनऐवजी नायट्रेट. आणि त्या नायट्रेटचा शेवटी नायट्रोजन वायू होऊन हवेत उडून जातो. आपण पैसे देऊन टाकलेलं खत ते वापरून मोकळे. म्हणून पाणी साचलेलं असताना खत टाकून उपयोग नाही, आधी चर काढून पाणी बाहेर, वाफसा आला (माती ओलसर पण मोकळी झाली) की मग खत, आणि तेही एकदम नाही, हप्त्याने. हरभऱ्याचं उलटं बघा, एखादं झाड हळूच उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली तर गाठ चालू आहे. गाठीतल्या जिवाणूला, रायझोबियमला, जगायला ऑक्सिजन लागतो पण नत्र धरायचं जे एन्झाइम आहे ते ऑक्सिजनने बाद होतं, मग झाडच लेगहिमोग्लोबिन नावाचं रंगद्रव्य तयार करतं, आपल्या रक्तातल्यासारखंच, ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि लागेल तेवढाच सोडतं. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट असली तर कामाची नाही.

तापीकाठचा_मास्तर

@कपाशी_अन_हरभरा एक नंबर. आणि ॲझोटोबॅक्टरची अजून कमाल आहे, त्याच्याकडे पण तेच नत्राचं एन्झाइम, पण झाडाचा आधार नाही, तो मातीत एकटा आणि पक्का एरोब. तो श्वसनच इतकं जोरात करतो की पेशीच्या आत ऑक्सिजन पोचायच्या आधी जळून जातो. पुष्कळ साखर त्या नादात खर्च होते, पण एन्झाइम वाचतं.

शिरपूरवाला_९

काय सांगी राहना भाऊ! हवेतच जगायचं आणि हवाच आत येऊ द्यायची नाही, लई भारी.

केळीवाला_यावल

सगळ्यांचे आभार, काळा माल उकिरड्यावर टाकला. आता गोबरगॅसचं. रोज नवीन शेणकाला टाकतो त्याच्याबरोबर हवा जातेच की, पाण्यात पण असते म्हणता, मग ते मिथेनवाले मरत कसे नाहीत? आणि दुसरं, लॅबवाले भाऊ, शेतात खिळा लागला की लोक म्हणतात गंजलेला होता का बघ. गंजाचा काही संबंध आहे का? केळी काढताना विळा तर रोजच लागतो कोणाला ना कोणाला.

तापीकाठचा_मास्तर

शेणकाल्यात फॅकल्टेटिव्ह जिवाणू ढिगाने असतात. हवा आली की ते तिच्यावर आधी झडप घालतात आणि पुढे मिथेनवाल्यांपर्यंत ती पोचतच नाही. तुमच्या आतड्यात पण हीच व्यवस्था आहे. बाळ जन्मल्यावर त्याच्या आतड्यात आधी ई. कोलायसारखे फॅकल्टेटिव्ह येतात, ते ऑक्सिजन संपवतात, मग पक्के अनएरोब येऊन जागा घेतात आणि मोठेपणी त्यांचीच संख्या कितीतरी जास्त. म्हणजे रोजचा शेणकाला चालतो, पण डोमला तडा जाऊन सतत हवा येत राहिली तर फॅकल्टेटिव्हवाले पुरे पडत नाहीत. आणि मिथेनवाले वाढतात फार सावकाश, एकदा मेले तर टाकी परत धरायला वेळ लागतो, थंडीत तर अजूनच. टाकी नव्याने सुरू केली की पहिला गॅस पेटत नाही तो ह्याच कारणाने, त्यात कार्बन डायऑक्साइड आणि उरलेली हवा जास्त असते. तो सोडून द्यायचा.

धुळे_लॅबवाला

गंजाचा संबंध नाही भाऊ. नवा कोरा चकचकीत खिळा मातीत पडून तुमच्या टाचेत गेला तरी तेवढाच धोका. धनुर्वाताच्या जिवाणूचे स्पोर (त्याचं कवचातलं झोपलेलं रूप) मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात, स्पोर हवेत वर्षानुवर्षं टिकतात, त्यांना काही होत नाही, पण उगवायला बिनहवेची जागा लागते. खिळ्याची किंवा काट्याची जखम वरून बारीक, आत खोल, तोंड लगेच मिटतं, आत रक्तपुरवठा कमी आणि मेलेलं मांस, म्हणजे त्याला हवी तशी जागा. विळ्याची उघडी जखम जी भळाभळा वाहते ती दिसायला भयंकर पण धनुर्वाताच्या दृष्टीने त्यापेक्षा बरी. माती, शेण, तंबाखू, चुना असलं काही जखमेत भरायचं नाही, आपण स्वतः स्पोर भरतो. डेटॉलने स्पोर मरत नाहीत, भरपूर पाण्याने साबणाने धुणं जास्त कामाचं. आणि इंजेक्शन, दर १० वर्षांनी बूस्टर, जखम घाण असेल आणि शेवटचं घेऊन ५ वर्षांच्या वर झाली असतील तर परत. शेतात काम करणाऱ्या बायांना बाळंतपणाच्या वेळी दिलं होतं तेच शेवटचं, असं खूप बघतो, त्यांना आठवण करून द्या.

स्पोर किती चिवट आहेत ते बघायचं असेल तर कितासातोची गोष्ट वाचा. १८८९ मध्ये बर्लिनला कॉखच्या लॅबमध्ये ह्या माणसाने धनुर्वाताचा जिवाणू पहिल्यांदा शुद्ध वाढवला. त्याच्या आधी ज्याने केला त्याच्या प्लेटमध्ये दुसरे जिवाणू मिसळलेलेच यायचे. ह्याने मिश्रण ८० अंशाला तापवलं, बाकीचे सगळे मेले, स्पोर उरले, आणि ते हायड्रोजनमध्ये वाढवले.

तापीकाठचा_मास्तर

पाश्चरचं त्याच्याही आधीचं, १८६१. तो लोणी खवट झाल्यावर येतं ते ब्युटिरिक ॲसिड करणारे जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. थेंबाच्या मधोमध ते वळवळत होते आणि कडेला जिथे हवा लागते तिथे निपचित. बाकीच्या जीवांचं ह्याच्या उलटं होतं, ते हवेकडे धावतात. हवेशिवाय जगणारं काही असू शकतं हे तेव्हा लोकांच्या पचनी पडेना.

टीवाय_मायक्रो_अमळनेर

सर मी टीवायला आहे, प्रॅक्टिकल जवळ आलंय आणि माझा थायोग्लायकोलेट ब्रॉथ (ट्यूबमध्ये वर हवा, तळाला बिनहवा असं जिवाणू वाढवायचं माध्यम) दर वेळी गंडतोय, ट्यूब वरून खालपर्यंत गुलाबीच. आणि दुसरं, ई. कोलाय आणि लॅक्टोबॅसिलस दोन्ही सगळ्या ट्यूबभर वाढलेले दिसतात, ओळखायचे कसे? मॅडमना विचारलं तर म्हणाल्या नीट बघ. नीटच बघतोय ☹️

तापीकाठचा_मास्तर

गुलाबी रंग रेझॅझुरिनचा, जिथे ऑक्सिजन तिथे गुलाबी. वरचा एक तृतीयांश गुलाबी असेल तर चालतं, तो नेहमीचाच. त्याच्या खाली उतरला असेल तर ट्यूब वॉटर बाथमध्ये उकळ, गुलाबी गेला की लगेच थंड कर आणि वापर. हे एकदाच, परत गुलाबी झाली तर फेकून दे, पुन्हा पुन्हा उकळून माध्यम बिघडतं. आणि तू ट्यूब हलवतोयस बहुतेक. त्यात चिमूटभर अगर असतो तो हवा खाली जाऊ नये म्हणूनच, लूप (जिवाणू उचलायची तार) सरळ तळापर्यंत घालायचा, सरळच बाहेर काढायचा, ढवळायचं नाही, बोटांनी ट्यूब टिचकवायची पण नाही.

ओळखायचं असेल तर वरची कड बघ. ई. कोलाय वरच्या थरात जास्त गढूळ दिसेल, कारण हवेत एका ग्लुकोजमागे त्याला कितीतरी जास्त एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतात (पुस्तकात ३८ दिलेत, प्रत्यक्षात कमी निघतात) आणि खाली फर्मेंटेशनमध्ये फक्त दोन, क्विंटलभर शेंगा फोडून मूठभर दाणे हाती लागल्यासारखं. लॅक्टोबॅसिलसला हवेचा फायदाच नाही म्हणून तो वरपासून खालपर्यंत एकसारखा. पण फरक बारीक असतो, नजरेवर विसंबू नको. सरळ कॅटलेज टेस्ट कर, काचपट्टीवर कॉलनी घे, वरून ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब. ई. कोलाय फसफसेल, लॅक्टोबॅसिलस नाही.

धुळे_लॅबवाला

त्यात एक जोडतो. कॉलनी ब्लड अगरवरून (रक्त घातलेल्या माध्यमावरून) उचलू नको, रक्ताच्या पेशीतच कॅटलेज असतं, जखमेवर पेरॉक्साइड टाकलं की फेस येतो तो त्यानेच, मग निगेटिव्ह पण पॉझिटिव्ह दिसेल. आणि निक्रोमचा लूप नको, धातूनेच बुडबुडे येतात. आम्ही लाकडी काडी वापरतो, दात कोरायची, पाकीट दहा रुपयाला.

टीवाय_मायक्रो_अमळनेर

सर निक्रोमच वापरत होतो 😅 म्हणजे मायक्रोएरोफिलिकची पट्टी दिसते ती कुठे बघायची? आमच्या लॅबमध्ये ते कधी लावलेच नाहीत.

तापीकाठचा_मास्तर

पृष्ठभागाच्या थोडं खाली, पातळ पट्टी, बाकी ट्यूब साफ. कॉलेजात बघायला मिळणं अवघड आहे कारण कॅम्पायलोबॅक्टरला ५ टक्के ऑक्सिजन, १० टक्के कार्बन डायऑक्साइड आणि बाकी नायट्रोजन असं मिश्रण लागतं, वर ४२ अंश तापमान. परीक्षेत उदाहरण विचारलं तर पोटातल्या अल्सरचा जिवाणू हेलिकोबॅक्टर पायलोरी दे आणि पाठोपाठ त्याची हकीकत सांग, एक्स्टर्नल खूश होतो. पर्थच्या मार्शल आणि वॉरेन ह्यांच्या प्लेट दोन दिवसांत कोऱ्या म्हणून टाकून दिल्या जायच्या, १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत त्या इन्क्युबेटरमध्ये तशाच राहिल्या आणि पाचव्या-सहाव्या दिवशी कॉलनी दिसल्या. २००५ चं नोबेल. गॅस बरोबर होता, वेळ कमी पडत होता, त्यामुळे तू पण प्लेट लवकर फेकू नको.